शेवटच्या पानाचा हाशिया

आमच्या वाचनालयातल्या एका बाडाला मी मुद्दाम सुरी लावली, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "कागदच कापला ना? मानूस तर न्हाई कापला?" म्हणूनच सांगितलं नाही.

ब्याऐंशी साली मी जालन्याच्या त्या जुन्या वाचनालयात शिपाई म्हणून लागलो. झाडू मारायचा, पेपर लावायचे, माठ भरायचा. मागच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस एक म्हातारे बाइंडर यायचे. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांच्या हाताखाली बसता बसता मी बांधणी शिकलो आणि मंग तेच माझं काम झालं. पगार शिपायाचाच राहिला, त्यावर काय बोलायचं.

त्या खोलीत मुख्य काम असायचं बाडांचं. निजामाच्या काळापासून वाचनालयात चोपडी यायची. चोपडी म्हणजे आठ-सोळा पानांची, पातळ, सटरफटर. जत्रेचे नियम, ढोरांच्या रोगावरचे उपाय, शाळेच्या उद्घाटनाचं भाषण, कुठल्या तरी सभेचा वृत्तांत. अर्धी मराठीत, अर्धी उर्दूत. सुटी ठेवली तर हरवतील म्हणून जुन्या लोकांनी वीस-पंचवीस चोपडी एकत्र शिवून बाडं केली होती. आता ती बाडं मरायला टेकलेली. पान उलटायला गेलं की पापडासारखं कोपऱ्यातून मोडायचं. कसरीनं भोकं पाडलेली, दोरे कुजलेले. एकेक पान सोडवायचं, पातळ कागदाचं ठिगळ लावायचं, वाळवायचं आणि पुन्हा शिवायचं. एका बाडाला महिना सहज जायचा. आणि वाचणारा कोण? कुणीच नाही. मला कधीकधी फार वैताग यायचा.

चाचांचे कायदे दोनच. खळीत मोरचूद चिमूटभरच घालायचं, जास्त झालं तर कसर मरते आणि कागद बी मरतो. आणि दुसरा, जुन्या बाडाला सुरी लावायची न्हाई. नवं पुस्तक बांधलं की तिन्ही बाजूंनी कापून कडा सारख्या करतात, तसं जुन्याचं करायचं नाही. कडा वाकड्यातिकड्या तर वाकड्यातिकड्या. मी एकदा म्हणालो, "चाचा, थोडं कापलं तर कसं गुळगुळीत दिसंल." त्यांनी खळीच्या हातानंच माझ्या कानाखाली दिली. मंग स्वतःच माझा गाल पुसत म्हणाले, "बेटा, छापलेलं दुसऱ्या कॉपीत मिळंल. हाशियात जे लिव्हलं ते एकदाच लिव्हलेलं असतं." हाशिया म्हणजे मजकुराच्या भोवतीची कोरी जागा. लोक तिथं काहीबाही लिहून ठेवायचे. हे मी त्या दिवशी कायमचं शिकलो. शिकलो होतो, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात एक बाड उकललं. त्यातलं शेवटचं चोपडं बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब होतं, खालून बाहेर आलेलं. त्याच्या शेवटच्या पानावर, अगदी खालच्या हाशियात, जांभळ्या शाईपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"तापाचा चौदावा दिवस. गावाकडून कोणी आले नाही. धाकटीला निरोप गेला आहे, ती तरी येईल."

खाली नाव आणि गाव, कुंभार पिंपळगाव.

मी बाड घेऊन ग्रंथपालांकडे गेलो. ते निवृत्तीला आलेले, पांढऱ्या टोपीतले, जुने गृहस्थ. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. मंग म्हणाले, "हा इथंच कामाला होता रे. मी तेव्हा इथं पेपर वाचायला यायचो. वीस-एकवीस वर्षांचा असेल. ही बाडं त्यानंच शिवली. मुदतीचा ताप झाला आणि तुझ्या त्या मागच्या खोलीतच गेला. एक बहीण होती, केदारखेड्याला दिलेली." आणि त्यांनी माझ्यादेखत केदारखेड्याच्या सरपंचांच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं.

दिवाळीची सुट्टी संपून वाचनालय उघडलं त्या दिवशी ती आली. पन्नाशीची बाई, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, चपला दाराबाहेर. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली नाही. मी बाड उघडून टेबलावर ठेवलं. तिनं त्या जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे त्याच्या हातचं?"

"होय मावशी."

"ना फोटो, ना कपडा. काईच न्हाई राह्यलं त्याचं. हेच एक." मंग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हनतो?"

म्हणतो. चाळीस वर्षांपूर्वी मेलेला माणूस. मी ग्रंथपालांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. माझं वय तेव्हा बावीस. समोर ती माऊली, आणि मी वाचणार, गावाकडून कोणी आले नाही? माझ्या तोंडून निघालं, "तब्येत ठीक आहे. कामात जीव रमतो. धाकटीची फार आठवण येते, ती सुखात राहो."

तिनं ऐकलं. पदर सारखा केला आणि विचारलं, "माझ्यावर रागावला न्हाई?"

"न्हाई मावशी."

"बराबर बघ."

"बराबर बघितलं."

ती गेल्यावर ग्रंथपाल म्हणाले, "बरं केलंस. मेलेल्याचं खरं जित्याला कशाला?" मला तर फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. त्या आनंदात मी चाचांना चहा पाजला.

मंग ती दर साली यायला लागली. भाऊबीजेला घरी चंद्राला ओवाळायची आणि वाचनालय उघडलं की भोकरदनच्या एस.टी.नं माझ्याकडे. येताना फडक्यात करंज्या आणि एक नवी कोरी दस्ती, म्हणजे रुमाल. भावाला म्हणून आणलेली दस्ती ती बाडावर घालायची. कुंकू लावायला निघाली होती, पण चाचांनी हात जोडले, "बाई, कागदाला डाग पडंल." तेव्हापासून दस्तीवरच भागवायची. मला ती मास्तर म्हणायची. "काय रे मास्तर, अजून लगीन न्हाई? खळ शिजवता शिजवता म्हातारा होशील." माझं लग्न झालं तर बायकोला खण घेऊन आली. माझी आई गेली त्या साली नुसती जवळ बसून राहिली. मला ती हवीहवीशी झाली होती, खरं सांगतो.

आणि दर साली तोच प्रश्न. "काय म्हनतो?" आणि मी तेच खोटं वाचायचो. एका साली चुकून म्हणालो, "कामात मन लागतं." तिनं झटकन मान वर केली. "मागच्या साली जीव रमतो म्हनला होता." त्यानंतर मी ते खोटं एका चिठ्ठीवर लिहून काढलं आणि दिवाळी आली की पाठ करायचो. हसू नका. शाळेतल्या कविता मला येत नाहीत, पण ते वाक्य आजही झोपेतून उठवलं तरी येतं.

मधल्या काळात चाचा गेले, जुने ग्रंथपालही गेले. ती ओळ खरी काय आहे, हे जाणणारा मी एकटा राहिलो.

मंग साक्षरतेची मोहीम निघाली. गावोगाव वर्ग, म्हाताऱ्या बायांच्या हातात पाट्या. त्या दिवाळीला ती आली ती हसतच. पदराआडून पाटी काढली आणि खडूनं लिहून दाखवलं. घर. कमळ. आणि थरथरत, स्वतःचं नाव. "मी शिकून राह्यले, मास्तर. बाया हसून राह्यल्या, म्हनं आता काय कलेक्टर व्हायचं का? मी म्हनलं, मला एकच ओळ वाचायची हाय. छापलेलं जमतंय, हातचं अजून न्हाई जमत. पुढल्या दिवाळीला तुला तरास न्हाई द्यायची. सोताच वाचते."

मी "वा, वा मावशी" म्हणालो.

वर्षभर वेळ होता माझ्याकडे. केदारखेडा काही लंकेत नाही. एस.टी.त बसून जायचं, पाय धरायचे, म्हणायचं की मावशी, पोरवयात चुकलो. दोनदा स्टँडपर्यंत गेलोही. एकदा गाडी समोर उभी होती आणि मी पानाच्या टपरीवर उभं राहून ती जाऊ दिली. मला तिच्या दुःखाची भीती नव्हती, हे आता कबूल करतो. मला भीती होती, दहा वर्षं मी तिला फसवलं हे तिच्या तोंडावर दिसेल, त्याची. तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला.

दसरा झाला तसा मी घाबरा झालो. आणि मंग डोक्यात आलं, शेवटचं चोपडं बोटभर लांब आहे.

वाचनालयात कटिंग मशीन नव्हतं. एमआयडीसीत एका छापखान्यात होतं, बियाण्याच्या पाकिटांची लेबलं कापायचं. बाड पोत्यात गुंडाळून सायकलला बांधलं आणि गेलो. मशीनवरच्या माणसाला म्हटलं, खालून बोटभर घ्या. तो म्हणाला, "जुनं दिसतंय. मजकुराला न्हाई ना लागत?" बघा, लेबलं कापणारा माणूस, त्यालाही कळत होतं. मी म्हणालो, "न्हाई, कोरंच हाय." त्यानं दांडा ओढला. एवढासा आवाज झाला. खाली बियाण्यांच्या लेबलांच्या रंगीत कातरणीत ती पिवळी पट्टी पडली आणि मला दिसेना. मी वाकून हात घातला, शपथ, घातला. पण तोवर त्यानं पायानंच ढीग बाजूला सारला, म्हणाला, "जल्दी करा भाऊ, मागं माल पडलाय." मी बाड उचललं आणि आलो.

परत येऊन मी त्याची अशी बांधणी केली, की तशी आयुष्यात पुन्हा केली नाही. नवा पुठ्ठा, कापडी पाठ, दोऱ्याला मेण. नवे ग्रंथपाल म्हणाले, "वा! नवंकोरं वाटतंय."

सुट्टी संपली. ती आली. डोळ्यांच्या शिबिरात मिळालेला चष्मा, हातात करंज्यांचं फडकं. आज खुर्चीवर बसली. मी बाड पुढे ठेवलं तशी म्हणाली, "तू बोलू नको हां. बिलकुल बोलू नको." पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवून छापलेलं नाव वाचायला लागली. "ज-ना-व-रां-चे... रो-ग." माझ्याकडे बघून हसली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मंग तिनं शेवटचं पान काढलं.

पट्टी गेली होती, पण पुरी गेली नव्हती. पहिल्या ओळीतल्या अक्षरांची डोकी राहिली होती, सुताएवढी जांभळी रेघ. तिनं चष्मा पुसला. रेघेवर बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. ओठ हलत होते. तिला वाटलं, आपल्यालाच येत नाही.

"ह्ये कोणतं अक्षर रे, मास्तर? आमच्या बाईनं ह्ये शिकवलंच न्हाई."

तेव्हा मला बोलावं लागलं. म्हणालो, "मावशी, कापताना गेलं. मशीनवर. चूक झाली."

तिनं पान मिटलं नाही. पुस्तकाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत.

"दहा वर्सं तू मला सांगत आलास, जुन्याला सुरी लावायची न्हाई. चाचांनी तुला मारलं तेबी सांगितलंस." मंग हळूच म्हणाली, "तू चुकनारा न्हाईस."

मी रडायला लागलो. चांगला दोन लेकरांचा बाप, टेबलाला धरून रडलो. तिनं मला गप्प केलं नाही. माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि मंग बोलली ती त्या पानाकडे बघूनच.

"लग्नाला सा महिने झालते. पहिली भाऊबीज. दोन दिस रस्त्याला डोळे लावून बसले, हा आलाच न्हाई. घरच्या बाया हसून राह्यल्या, भावाला बहीण जड झाली म्हनं. मंग गाडीवान निरोप घेऊन आल्ता. ताप हाय, तूच ये म्हनला. मी म्हनलं, न यायची निमित्तं हायेत. सासऱ्यानं बैल जुंपतो म्हनलं, मीच नको म्हनलं. कुनी अडवलं न्हवतं मला. मी रुसले होते. मंग दुसरा निरोप आला तो माती उरकल्याचाच."

मी बाड जरा तिच्या बाजूला सरकवलं.

"तू वाचायचास ते मला येक दिस पटलं न्हाई. तापानं फणफणलेला मानूस जीव रमतो लिव्हतो व्हय? पर मला वाचाय येत न्हवतं, तुला खोटं कसं म्हनू? म्हनून शिकले. म्हनलं, त्यानं मला ज्या शिव्या घातल्यात त्या माझ्या डोळ्यानं वाचाव्या आन त्या पानावर डोस्कं टेकून म्हनावं, दादा, चुकलं." तिनं चष्मा काढला. "त्यानं मला येकदा बोलून घेतलं असतं तर मी सुटले असते रे."

तेव्हा मी खरी ओळ सांगितली. एकेक शब्द, जसा होता तसा. तापाचा चौदावा दिवस. गावाकडून कोणी आले नाही. ती मान हलवत होती, हो, हो, असंच असनार. मंग मी म्हणालो, "धाकटीला निरोप गेला आहे, ती तरी येईल."

तिची मान थांबली.

"परत गोड लावून राह्यलास."

"न्हाई मावशी. आईची आन, असंच होतं."

"बराबर बघितलं म्हनला होतास तवाबी." ती उठली. "मेलेल्या आईला कशाला मधी आनतोस."

बाडावर घालायला आणलेली दस्ती तिनं पदराच्या गाठीतून काढली, डोळे पुसले आणि परत गाठीत बांधली. करंज्या टेबलावरच राहिल्या. माझ्यासाठी ठेवल्या की विसरली, मला कळलं नाही. मी त्या खाल्ल्या नाहीत.

पुढच्या दिवाळीला मी दाराशी बसून राहिलो. ती आली नाही. आठवड्यानं एक कार्ड आलं. ओळ वर चढत गेलेली, अक्षरं पाटीवरच्यासारखी मोठी. "मास्तर खर काय लिवल होत ते लिहून धाड."

मी कार्ड आणलं आणि खरं ते लिहिलं. ती तरी येईल. लिहून वाचलं आणि मला दिसलं की हे तिला पटायचं नाही. खरं मी एकदा सांगून बसलो होतो. पान असतं तर दाखवलं असतं. ते कार्ड फाडलं. दुसरं घेतलं. लिहिलं, "मावशी, मी तुम्हाला गोड लावत होतो. खरी ओळ अशी होती. तापाचा चौदावा दिवस. गावाकडून कोणी आले नाही. धाकटीला निरोप दिला, तीही आली नाही. आता तिला बहीण म्हणणार नाही." पेटीत टाकलं आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही. बायकोला वाटलं, साहेबांशी भांडण झालं.

उत्तर आलं नाही. पाच-सहा वर्षांनी एक मुलगी वाचनालयात आली. जालन्याच्या कॉलेजात शिकत होती, केदारखेड्याची. म्हणाली, "मास्तर तुम्हीच का? आजी गेली, दोन महिने झाले." मी तिला खुर्ची दिली. ती सांगत होती, "तुमचं कार्ड आलं त्या दिवशी आजी अशी रडली, की आम्ही घाबरलो. मंग आंघोळ करून पोटभर जेवली. कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. रोज सकाळी चष्मा लावून वाचायची, बोट ठेवून. तेवढंच वाचायची. आम्ही पेपर आणून दिला, पोथी दिली, काही नको. म्हणायची, माझ्या दादानं मला बोलून घेतलं एकदाचं. जाताना तिच्या हातात तेच कार्ड दिलं आम्ही."

मंग तिनं विचारलं, "ते पुस्तक बघू का?" मी कपाटातून बाड काढलं, वरच्या जुन्या दस्त्या बाजूला केल्या. तिनं हळूच उघडलं, कडेवरून हात फिरवला. म्हणाली, "किती छान बांधलंय." चहाला थांब म्हटलं, पण तिला गाडी होती.

ती गेल्यावर मी शेवटचं पान काढून बसलो. बहिणीनं मरेपर्यंत रोज वाचलं ते माझ्या हातचं होतं. त्या पोरानं असं काही लिहिलं नव्हतं. चौदा दिवसांच्या तापात, त्या मागच्या खोलीत, तो दाराकडे बघत होता आणि त्यानं लिहिलं होतं, ती तरी येईल.